गार्ड काढून देऊ का?

सोमवार, होळीनंतरचा पहिला. दुकान नुकतंच उघडलेलं. हजर: काउंटरमागे मी. माझ्या डाव्या हाताला माझे धाकटे दीर प्रकाश भाऊजी, दुकानाचे निम्मे धनी. काउंटरपुढे पिशोर गावाहून आलेले कैलास आणि त्यांच्या पत्नी मंगल. गैरहजर: मुकुंदवाडीचा निसार. तो त्या दिवशी दुकानात असता तर मला एवढं बोलावंच लागलं नसतं.

हजेरी आधी मांडायची मला सवय आहे. दुकानात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण म्हणतो, "मी तर तिथं नव्हतोच." म्हणून आधी नावं, मग गोष्ट.

औरंगपुऱ्यात आमचं विजेवर चालणाऱ्या अवजारांचं दुकान आहे. ड्रिल, ग्राइंडर, फरशी कापायची मशीन, वेल्डिंगचं सामान. दुकान सासऱ्यांनी टाकलेलं. माझे यजमान वाळूजला कारखान्यात नोकरी करतात, त्यांनी या काउंटरला कधी हात लावला नाही. तो मी आणि भाऊजी सांभाळतो. विक्री भाऊजींची, किरकोळ दुरुस्ती माझी. मोटरमधले झिजलेले कार्बन बदलणं, स्विच बदलणं, बेअरिंग काढून नवं ठोकणं. मशीन चालू करून नुसती कानाशी धरली की तिचं काय दुखतंय ते मला कळतं. यात फुशारकी नाही. रोज भाकरी थापणारीला तवा तापला की नाही ते हात न लावता कळतं, तसंच.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, दुकानातल्या गमतीजमती लिहा, लोकांना स्वस्त आणि चांगला ग्राइंडर कसा निवडायचा तेही सांगा." दोन्ही करते. पण मला राग आलेला आहे आणि तो होळीपासून उतरलेला नाही, हे वाचकांनी धरून चालावं.

ग्राइंडर म्हणजे हातात मावेल अशी मोटर आणि तिच्या तोंडाशी बसवलेली चकती. चकती पातळ असेल तर लोखंड कापते, जाड असेल तर घासते. तुमच्या बाल्कनीची जाळी, जिन्याचा कठडा, फाटक, पत्र्याची शेड, यातलं काहीही या मशिनीशिवाय होत नाही. चकती मिनिटाला दहा-अकरा हजार गरके घेते. आणि ती पोलादाची नसते. खरखरीत कण चिकट्यानं धरायचे, मध्ये जाळी घालायची आणि दाबून वडी करायची, अशी ती होते. पापडच म्हणा. खाली पडली, ओली झाली, फार जुनी झाली की तडकते. हा पापड तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर फिरत असतो आणि त्याच्या नि तुमच्या मध्ये एक अर्धगोल पत्रा असतो. त्याला गार्ड म्हणतात.

आमच्या बाजारात एक रीत आहे. साडीच्या दुकानात "फॉल-बिडिंग करून देऊ का?" विचारतात, तसं ग्राइंडर विकला की दुकानदार विचारतो, "गार्ड काढून देऊ का?" गिऱ्हाईक मान हलवतं. दुकानदार खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढतो, गार्ड सैल करतो, पिंपात टाकतो आणि मशीन पुन्हा खोक्यात घालून देतो. गिऱ्हाइकाला वाटतं आपली सोय झाली. दुकानदाराला वाटतं आपण सेवा दिली. हे आमच्याकडे होतं, समोर होतं, चौकापलीकडे होतं. आमच्या मागच्या खोलीत रंगाचं एक रिकामं पिंप आहे, ते या गार्डांनी काठोकाठ भरलेलं आहे. त्यातलं कुठलं कुठल्या मशिनीचं, ते देवालाही सांगता येणार नाही. स्वस्त मशिनींची गार्डं सुटी विकत मिळत नाहीत. एकदा काढलं की त्या मशिनीचा आणि त्याचा संबंध संपला.

लोक गार्ड का काढतात, याची कारणं मी बरीच ऐकली आहेत. काम दिसत नाही. हाताला लागतं. कोपऱ्यात शिरत नाही. आणि सगळ्यात लाडकं कारण म्हणजे, "ताई, गार्ड नवशिक्यांना असतं." हे सांगणाऱ्यांची बोटं मी मोजत नाही. बघितलं तरी राग येतो.

आता गिऱ्हाइकं. सिडकोतले एक निवृत्त गृहस्थ आले. गच्चीवर कुंड्या ठेवायला लोखंडी मांडणी करायची होती. एकच मांडणी. मी म्हटलं, "काका, मुकुंदवाडीच्या निसारला सांगा, एका दिवसात करून देईल. मशीन कशाला घेता?" ते म्हणाले, "मला स्वतः करायचंय. सगळ्यात जास्त वॅटची द्या." मी लहान मशीन दाखवत राहिले, ते मोठी मागत राहिले. सात इंची मशीन घेऊन गेले. आठवड्यानं परत. "ही ओढते हो!" म्हटलं, "ओढणारच. ती पुलाच्या कामाची आहे, कुंड्यांच्या नाही." मांडणी शेवटी निसारनंच केली. मशीन काकांच्या पलंगाखाली आहे आणि त्यांच्या पत्नी मला रस्त्यात भेटल्या की बोलत नाहीत.

दुसरा एक तरुण मोबाइलवरून मागवलेली मशीन घेऊन आला. खोक्यावर वॅटचा आकडा एवढा की त्यावर पिठाची गिरणी चालावी. मशीन उचलली तर हलकी फूल. आत तांबं कमी असलं की मशीन हलकी होते. आकडा छापायला तांबं लागत नाही, शाई लागते. ती जळाली होती. मी विचारलं, "कार्बन कुठून बदलायचे हिचे?" त्यानं मशीन उलटीपालटी केली. बाहेरून झाकणच नव्हतं. म्हटलं, "मग ही मशीन नाही, फटाका आहे. एकदाच वाजतो."

तिसरा सुतारकामाचा हौशी होता. त्याला ग्राइंडरवर लाकूड कापायची दातेरी पाती हवी होती. मी नाही म्हटलं. दाते लाकडात अडकले की मशीन उलटी उसळते आणि येते ती थेट मांडीवर. तो म्हणाला, "समोर मिळते." म्हटलं, "मग समोरच घ्या. आणि दवाखान्याचा पत्ताही तिथूनच घ्या." भाऊजी नंतर म्हणाले, "वहिनी, तुमच्या जिभेलाच एक गार्ड पाहिजे." मी म्हटलं, "बसवून बघा."

असो. आता निसार.

मुकुंदवाडी स्टेशनजवळ त्याचं वर्कशॉप आहे. फाटकं, जाळ्या, जिने. त्याच्या हातचा सांधा बोटानं चाचपला तरी सापडत नाही. आमचं जुनं गिऱ्हाईक. मला भाभी म्हणतो, भाऊजींना सेठ. काटकसरी माणूस, आणि त्याचा घात त्या काटकसरीनंच केला.

वर्कशॉपमध्ये जमिनीवर ठेवायचा एक मोठा कटर असतो. त्याची चकती ताटाएवढी. ती झिजत झिजत बशीएवढी होते, मग त्या कटरला उपयोगाची राहत नाही. पण फेकवत नाही, कारण अजून माल दिसतो. आमच्याकडचे कारागीर ती झिजलेली चकती हातातल्या छोट्या ग्राइंडरवर चढवतात. भोक मोठं असतं, त्यात वायसर, म्हणजे पत्र्याची गोल कडी, घालून जमवतात. चकती गार्डात मावत नाही, म्हणून गार्ड नको. झालं, फुकटात काम. आता वाचकांनी ऐकावं. त्या मोठ्या चकतीवर जो वेग छापलेला असतो, तो हातातल्या मशिनीच्या वेगाच्या निम्माही नसतो. ती संथ चालीसाठी केलेली असते. तिला दुपटीहून जास्त वेगानं फिरवली की ती कधी फुटेल एवढाच प्रश्न उरतो.

निसारची मागच्या वर्षी गणपतीच्या आधी फुटली. फाटकाची घाई होती. तुकडा भुवईखाली घुसला आणि डावा डोळा गेला.

मी त्याच्या घरी भेटायला गेले. तोंडावर पट्टी बांधून बसला होता. मला बघून म्हणाला, "भाभी, अब वेल्डिंगका काँच एकच आँखकू लगता. आधा खर्चा." आणि हसला. मला हसू आलं नाही. रागानं माझे कान तापले होते, आणि राग कुणावर काढायचा ते समजत नव्हतं.

पट्टी निघाल्यावर तो दुकानात आला. जुन्या मशिनीचा चकती बसते तो दांडा वाकला होता, नवी हवी होती. भाऊजींनी नेहमीची स्वस्तातली काढली, चालवून दाखवली. आणि मग, सवयीनं, डोकं वरही न करता त्यांनी विचारलं, "गार्ड काढून देऊ का?"

मला वाटलं आता निसार त्यांची गचांडी धरेल. निसार म्हणाला, "हौ सेठ, निकाल देव."

मी स्टुलावरून उठले. काय काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. "एक डोळा दिला, दुसरा कधी द्यायचाय?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. भाऊजींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर मी काढून घेतला. निसारला सांगितलं, "गार्डासकट न्यायची असेल तर ने, नाहीतर आमच्याकडे मशीन नाही." निसारनं काढलेले पैसे परत खिशात घातले. मग म्हणाला, "भाभी, तुम्ही घुस्से में हो. मैं बाद में आता." आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. त्यांनी काढून दिलं.

"जुनं गिऱ्हाईक घालवलंत," भाऊजी म्हणाले.

"डोळा घालवणाऱ्यानं हे बोलू नये," मी म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघांनी डबे वेगवेगळे खाल्ले.

काही दिवसांनी निसार कार्बन घ्यायला आला. माझा राग थोडा निवला होता, म्हणून ओरडण्याऐवजी विचारलं. इतक्या वर्षांत हे मी कुणाला विचारलंच नव्हतं, फक्त ऐकवलं होतं. "तुला भीती वाटत नाही का रे?"

"वाटते ना भाभी. लई वाटते." तो मराठीत आला की मनापासून बोलतोय हे मला ठाऊक आहे. त्यानं काउंटरवरची एक मशीन उचलली, गार्डासकट, आणि हवेत काम करून दाखवलं. "हे बघा, असं कापतोय. गार्ड माझ्या बाजूला. बरोबर. आता शिडीवर चढलो, उलटं कापायचंय. गार्ड कुठं आलं? कापायच्या लाइनीवर. मला एकच डोळा, तिथंच गार्ड. फिरवायला स्क्रू ड्रायव्हर पाहिजे. एका हातात मशीन, एका हातानं शिडी धरलीये. स्क्रू ड्रायव्हर दातात धरू का?"

मी त्याच्या हातातली मशीन घेतली. गार्डाचा पट्टा स्क्रूनं आवळलेला. कारखान्यातून जसं बसवून येतं, तसं ते कायम. गार्ड काम करणाऱ्याच्या दिशेनं फिरवत राहायचं असतं, ही साधी गोष्ट, आणि स्वस्त मशीन करणाऱ्यानं ते न फिरणारं केलेलं. म्हणजे त्यानं ते काढण्यासाठीच बसवलंय. कायद्याला दाखवायला लावायचं, कारागिरानं पहिल्या दिवशी काढायचं, आणि डोळा गेला की म्हणायचं, "आम्ही तर दिलं होतं."

माझा सगळा राग त्या स्क्रूवर येऊन थांबला. अजून तिथंच आहे.

मी वरच्या फळीवरून दुसरी मशीन काढली. तिच्या गार्डाला छोटी खिट्टी असते. अंगठ्यानं दाबायची, गार्ड फिरवायचं, सोडायचं. निसारनं दाबलं, फिरवलं, सोडलं. पुन्हा फिरवलं. हवेत उलटं कापून बघितलं, पुन्हा सुलटं.

"हे आधी कायकू नई दिखाया?" तो म्हणाला.

काय सांगणार? गिऱ्हाईक "सगळ्यात स्वस्त" म्हणतं, आम्ही खालच्या फळीला हात घालतो. खिट्टीवाली थोडीशीच महाग, पण वरच्या फळीवर. तिच्या खोक्यावरही वॅटचाच आकडा ठळक छापलेला आहे. खिट्टीचं चित्रसुद्धा नाही.

निसार ती घेऊन गेला. मुकुंदवाडीला गेले की मी मुद्दाम डोकावते. गार्ड जागेवर असतं.

म्हणून संपादकांनी मागितलेला सल्ला आता देते, तो कापून ठेवा. घरासाठी चार इंची मशीन पुरते, त्याहून मोठी घेऊ नका. वॅटचा आकडा वाचू नका, मशीन उचलून बघा आणि रिकामी चालवून ऐका. आवाज एकसारखा हवा, बंद केल्यावर खरखर करत थांबू नये. कार्बन बाहेरून बदलता यायला हवेत आणि सुटे भाग आपल्या गावात मिळायला हवेत. बाजूची मूठ लावल्याशिवाय चालवायची नाही. बटण असं हवं की हातमोजा घातलेल्या अंगठ्यानंही पटकन बंद होईल. आणि यातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी एक गोष्ट करा. दुकानात उभं राहून गार्ड हातानं फिरवून बघा. फिरलं तर घ्या. दुकानदारानं स्क्रू ड्रायव्हर काढला तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा, मग ते दुकान आमचं असलं तरी.

आता तो सोमवार.

कैलास बरीच वर्षं चिकलठाण्याला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये होता. आता पिशोरला स्वतःचं टाकत होता. मोठा जुना कटर कुणाकडून तरी मिळाला होता, वेल्डिंग मशीन होती, हातातला ग्राइंडर तेवढा राहिला होता. मंगल सोबत आली होती. प्रश्न तीच विचारत होती, आणि नेमके.

"ताई, किती टिकंल?"

"कसं वापरतात त्यावर."

"दिवसभर वापरत्यात. यांना जेवणाचं पण भान नसतं."

"मग जरा थांबा, वरची एक दाखवते," मी म्हटलं आणि शिडी आणायला मागच्या खोलीत गेले. शिडी पिंपामागे अडकली होती. ती ओढून आणेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा भाऊजींना पुरला. मी बाहेर आले तर खालच्या फळीवरची मशीन खोक्यात गेलेली, खोक्याला सुतळी बांधून होत होती, आणि काउंटरवर गार्ड पडलेलं.

"भाऊजी, सोडा ते."

"वहिनी, त्यांची एसटी आहे."

"सुतळी सोडा म्हणते मी."

"त्यांनी सांगितलं म्हणून काढलं. विचारा त्यांना."

कैलासनं मान हलवली. "व्हय ताई, मीच म्हणलो. इतकी वर्षं बिगर गार्डचीच चालवली. काय होत नाय."

मी निसारचं सांगायला सुरुवात केली. भाऊजी मध्येच म्हणाले, "झालं यांचं कीर्तन सुरू." मी त्यांना काहीतरी बोलले, ते मला काहीतरी बोलले. दीर-भावजयीचं भांडण परक्यापुढे व्हायला लागलं की परक्याला पळायची घाई होते. कैलासनं खोकं काखेत मारलं. मंगल थांबली. काउंटरवरच्या गार्डाकडे बोट करून म्हणाली, "अवो, हे राहिलं की."

"लागत नाय ते. चल, गाडी जाईल."

मी गार्ड घेऊन रस्त्यावर धावले. पन्नाशीची बाई, हातात अर्धगोल पत्रा, औरंगपुऱ्याच्या गर्दीत. त्यांची रिक्षा वळून गेली होती. परत आले तर भाऊजी हसत होते. "हातात थाळी घेऊन आरतीला निघाल्यासारख्या दिसत होता." त्यावर मी जे केलं ते एवढंच की त्यांचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या कप्प्यात टाकून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा आणला. अवजारांच्याच दुकानात बसतो आम्ही.

ते गार्ड मात्र मी पिंपात जाऊ दिलं नाही. त्यावर नाव लिहिलं: कैलास, पिशोर. पावतीवर नंबर होता. फोन केला. "येतो ताई, आलो की नेतो." आला नाही. पुन्हा केला. "लई काम हाय ताई." मग एका रविवारी मीच एसटीनं पिशोरला गेले.

कैलास फाटक बसवायला कन्नडला गेला होता, मशीन घेऊन. मंगलनं चहा केला, वर्कशॉप दाखवलं. पत्र्याची शेड, पण झाडूनपुसून लख्ख. दाराशी खडूनं हिशेबानं मापं लिहिलेली. मला बरं वाटलं. नीटनेटका माणूस ऐकतो, असं मला उगाच वाटत असतं. मग भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्याला मोठ्या कटरच्या झिजलेल्या चकत्या ओळीनं लावलेल्या.

"या कशाला ठेवल्यात?"

"वाया कशाला घालायच्या? अर्ध्या शिल्लक हायेत," मंगल म्हणाली. "मशिनीवर बसत्यात म्हणं त्या. वायसर घालून."

मी तिला सगळं सांगितलं. निसारचं वर्कशॉप, चकती, भुवई, डोळा. ती ऐकताना पदर बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, "मी बोलते त्यांला. पण ते माझं कुठं ऐकत्यात? तुम्हीच बोला एकदा, समोर बसून." गार्ड आणि त्याचा स्क्रू मी तिच्या हातात दिला.

त्या आठवड्यात कैलासचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं जिंकले.

"ताई, कशाला एवढा तरास घेतला? बसवून बघितलं. पण बसत नाय वो ते."

"कसं बसत नाही? त्याच मशिनीचं आहे."

"चकतीला घासतंय."

गार्ड फक्त अडवत नाही, ते मापही घेतं. जी चकती गार्डात मावत नाही, ती त्या मशिनीवर चालवायचीच नसते. दुसरं कुठलंही पुस्तक वाचायची गरज नाही. मी हे त्याला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून. तो शांतपणे म्हणाला, "ताई, चांगली चकती हाय. माल हाय तिच्यात. फेकवत नाय." मग म्हणाला, "तुम्ही काळजी नका करू." काळजी नका करू! मी फोन ठेवला आणि भाऊजींवर ओरडले. ते त्यांच्या वाट्याचं होतं.

खिट्टीवाली एक मशीन आणि योग्य मापाच्या चकत्यांचा एक डबा मी कैलासच्या नावानं काउंटरखाली ठेवला आहे. ती त्याला द्यायची आणि खालच्या फळीवरची परत आणायची. भाऊजी म्हणाले, "वापरलेली मशीन दुकान परत घेत नाही." मी म्हटलं, "हे निम्मं दुकान घेतं."

पण नुसती मशीन देऊन भागणार नाही, हे मला कळलं आहे. मी बोलले तर तो "व्हय ताई" म्हणतो. म्हणून निसारला विचारलं, येतोस का पिशोरला? तो लगेच म्हणाला, "चलो भाभी. मैं कुछ बोलताच नई. खाली सामने बैठता. देख लेगा." पहिल्या रविवारी त्याला एका जिन्याचं काम आलं. दुसऱ्या रविवारी माझ्याकडे माल उतरायचा होता. आता दिवाळीच्या आधी सगळ्यांना फाटकं हवी आहेत. निसारला सवड नाही. कैलासला तर मुळीच नाही.

हा मजकूर लिहायला बसण्याआधी मी पिशोरला फोन लावला. मंगलनं उचलला. मागे मशीन चालू होती. मी आधी सांगितलंय, मला आवाज कळतो. चार इंची मशीन आपल्या मापाच्या चकतीवर बारीक, सरळ सुरात चालते. ही भरड, ओझं उचलल्यासारखी घुमत होती, आणि मध्ये मध्ये थरथरत होती. वायसर घालून जमवलेली चकती मधोमध बसत नाही, तेव्हा अशी थरथरते.

"मंगल, ती बंद करायला सांग."

"आँ?"

"मशीन. बंद करायला सांग त्यांना. आत्ता."

"ताई, काय म्हणता? काय ऐकू येत नाय बघा, मशीन चालू हाय. मागून लावते मी."

फोन कट झाला. तिचा अजून आलेला नाही. खोकं काउंटरखाली आहे. वर नाव आहे, सुतळी बांधलेली आहे. निसारला मी आत्ताच निरोप पाठवला आहे की फाटकं राहू देत, उद्याची पहिली एसटी पकडायची आहे.